निळ्या दिव्याचं पाणी

“खाऱ्या माह्या गावामंधी डाळ शिजंना चुलीवर,
लेक गोडं पानी आने पाय ठेवून शिळेवर...”

अनुपमाच्या कानात तो आवाज अजून तसाच होता. जरासा घोगरा, ओवीच्या शेवटी हळूच श्वास सोडणारा. तो तानुआत्याचा, आजोबांच्या थोरल्या बहिणीचा. अनू पाच वर्षांची असताना आत्या चिखलीला त्यांच्या घरी राहायला आली होती, आणि तांदूळ निवडता निवडता अशा ओव्या म्हणायची. आत्या जाऊन आता किती वर्षं झाली! पण गाडी संग्रामपूर मागे टाकून पुढे निघाली, काळ्या रानांपलीकडे सातपुड्याची निळी रेघ उमटली, आणि ती ओवी अनूच्या ओठांवर आपोआप आली. आत्याचं आणि आजोबांचं लहानपण याच भागात गेलं होतं.

“आला, आला! आपला स्विमिंग पूल आला!” मागच्या सीटवरून ऋत्विक ओरडला आणि ओवी विरून गेली. ऋत्विक म्हणजे अनूचा धाकटा भाऊ. वय वर्षे अकरा, आवाज वर्षे एकवीस!

गाडी थांबायच्या आत ऋत्विक, अनू आणि संघपाल उड्या टाकून पळाले. संघपाल त्यांच्या शेजारचा, अनूच्या वर्गातला. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांसाठी भाड्यानं घेतलेलं हे घर बघायला तो सगळ्यांत उतावीळ होता.

पण स्विमिंग पूलच्या काठावर तिघंही गप्पकन थांबले. पाण्यावर हिरवीगार साय होती आणि सायीवर तीन बेडूक बसले होते.

“हा स्विमिंग पूल?” अनू म्हणाली.

“आहे ना बे! पण बुकिंग त्यांचं आहे,” संघपालनं बेडकांकडे बोट दाखवलं.

मग एकेक नवल बाहेर येऊ लागलं. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली. टीव्हीच्या जागी भिंतीत दोन खिळे. ‘डोंगर दिसणाऱ्या खोली’ची खिडकी उघडली, तर समोर पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, हा मोठा ढीग!

“डोंगर दिसतो म्हणाले होते ना? घ्या, पऱ्हाट्यांचा डोंगर!” ऋत्विक म्हणाला. त्यानं न्हाणीघरातला शॉवर फिरवला. वर चढलेल्या पांढऱ्या थरातून तीन थेंब पडले आणि बंद झाले.

“बाबा, फसवलं आपल्याला!”

“चार दिवसांचा तर प्रश्न आहे. जरा ॲडजस्ट करा,” बाबा म्हणाले. बाबांचं नाव शेषराव, आणि एकदा ठरवलं की ठरवलं, असा त्यांचा स्वभाव. “फोटो काय, जरा चांगलेच येतात.”

“फोटोत बेडूक नव्हते!”

“अरे, मी पूल बघून घर घेतलंच नाही. मी हे बघून घेतलं.” बाबांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवर पाणी शुद्ध करायचं पांढरंशुभ्र मशीन होतं. त्यावर निळा दिवा लागलेला, आतून गुर्रर्र असा आवाज. “हा खारपाणपट्टा आहे. इथल्या बोअरचं पाणी खारं. आजोबांना ते विषासारखं. म्हणून मी घरमालकाला, कुलदीपरावांना, तीन-तीनदा विचारलं. ते म्हणाले, फिल्टरचं गोड पाणी आहे, बिनधास्त या!”

आजोबांचं नाव निघालं तशी अनू सावध झाली. शालिग्राम आजोबांच्या किडन्या थकल्या होत्या. अनूची आई, वंदना, दवाखान्यात नर्स. तिला दिवाळीची सुट्टी मिळाली नव्हती. निघताना तिनं शाईच्या खुणा केलेली एक बाटली अनूच्या हातात ठेवली होती. “अनू, आजोबांचं पाणी तुझ्या हाती. दिवसाला एक लिटर, त्याच्या वर थेंब नाही. मीठ कमी. पापड-लोणचं बंद. विसरलीस, तर त्यांच्या जिवाशी खेळ होईल बरं का!”

अनूनं निळ्या दिव्याखाली बाटली धरली आणि खुणेपर्यंत काटेकोर भरली.

“मचूळ लागतंय,” ऋत्विक आपला पेला चाखत म्हणाला.

“फिल्टरच्या पाण्याला चवच नसते. तुम्हाला सवय नाही,” बाबा म्हणाले आणि विषय संपला.

रात्रीचा स्वयंपाक सत्यभामाबाईंनी केला. त्या घराची देखभाल करायच्या, मागच्या दोन खोल्यांत लेकीसोबत राहायच्या. भाकरी छान, वांग्याची भाजी झकास. पण वरण? डाळ खाली, पाणी वर! दाताखाली दाणा कचकन वाजला.

“बाई, डाळ शिजलीच नाही,” बाबा वैतागून म्हणाले. “एवढं तरी नीट करा!”

सत्यभामाबाईंनी जमिनीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्यांचे ओठ हलले आणि मिटले. “हाव भाऊ. उद्या शिजवतो बराबर.”

दुसऱ्या दिवशी वरण खरंच लोण्यासारखं मऊ झालं. रंग मात्र नेहमीपेक्षा गडद, पिवळाजर्द. दोन्ही वेळा बाबांनी मागून घेतलं. “बघा! सांगितलं होतं की!”

त्या संध्याकाळी आजोबांचे मोजे काढताना अनूचा हात थांबला. इलॅस्टिकची खोल खाच पायावर रुतली होती. आईनं शिकवलं होतं तसं तिनं नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. एक, दोन, तीन... दहा मोजले तरी खळगा भरेना!

“आजोबा, पाय सुजलेत तुमचे!”

“बसून बसून आले असतीन,” आजोबा हसले. “तुह्या बापाले नको सांगू. फुकट घाबरीन.”

अनूनं फोन उचलला. रेंजची एकही काडी नव्हती. तिनं बाटली उजेडात धरून खुणा पुन्हा पुन्हा तपासल्या. एक लिटर म्हणजे एकच लिटर दिलं होतं. मग चुकलं कुठे? आजोबांनी नको म्हटलं म्हणून तिनं बाबांना सांगितलं नाही, पण रात्री दोनदा उठून ती त्यांचे पाय पाहून आली.

सकाळी मात्र सूज गुडघ्यापर्यंत चढलेली दिसली आणि अनूनं बाबांना सांगून टाकलं. बाबांनी पाय पाहिले. “प्रवासाचा शीण असेल. तरी मी संग्रामपूरला जाऊन येतो. रेंज मिळाली की आईला विचारतो, गोळी लिहून देईल ती.” आणि गाडी घेऊन ते निघाले.

अनूनं ऋत्विक आणि संघपालला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं.

“मीठ तर दिलं नाहीस ना?” ऋत्विकनं विचारलं. या वेळी त्याचा आवाज अकराच वर्षांचा होता.

“चिमूटभरसुद्धा नाही! ताटात काय वाढलं, ते सगळं पाहिलंय मी.”

“मग मीठ कुठूनतरी चोरून जातंय,” संघपाल म्हणाला.

तेवढ्यात मागच्या खोलीकडून वरणाचा वास आला. सत्यभामाबाईंची लेक करिष्मा, दहा वर्षांची, उंबऱ्यात बसून वरण-भाकर कुस्करत होती. वरण फिकं पिवळं, मऊसूत.

“अगं, तुमची डाळ इतकी छान शिजते, मग आमचीच पहिल्या दिवशी कच्ची काऊन राहिली?” अनूनं विचारलं.

“आमची डोंगराच्या पान्याची हाये ना!” करिष्मा सहज म्हणाली. “तिकडच्या विहिरीवरून माय रोज एक कॅन आनते, डाळीपुरतं न प्यापुरतं. खाऱ्या पान्यात डाळ नाही शिजत. सोडा टाका लागते, मंग पिवळीजर्द होते.”

अनूच्या अंगावर सर्रकन काटा आला. *खाऱ्या माह्या गावामंधी डाळ शिजंना चुलीवर...* तानुआत्या सगळं सांगून गेली होती, आणि आपण नुसतं ऐकत राहिलो!

“पण आमची डाळ तर फिल्टरच्या पाण्यात शिजते...” ती पुटपुटली.

संघपाल केव्हाच उठून स्वयंपाकघराकडे धावला होता. त्याचे वडील चिखलीत फिल्टर दुरुस्त करायचे आणि सुट्टीत तो त्यांचा पाना-पक्कड धरायचा. त्यानं मशीनचा प्लग खस्सकन ओढला. निळा दिवा विझला. गुरगुर थांबली.

“आता नळ सोड, ऋत्विक.”

धार पडली. तशीच, तितकीच जोरात!

“मशीन बंद, तरी पाणी चालू?” ऋत्विकचे डोळे विस्फारले.

“आणि हे बघ. खारं पाणी गोड करताना मशीन अर्धंअधिक पाणी बाहेर फेकतं. त्याची वेगळी नळी असते. इथे कुठे आहे?” संघपालनं झाकण उचकटलं. आत पोकळी होती! टाकीची नळी थेट नळाला जोडलेली, आणि कोपऱ्यात एक मोटार नुसतीच फिरायला ठेवलेली. “अनू, हे बोअरचंच पाणी आहे. दिवा फक्त दाखवायला!”

अनूनं खुणांची बाटली उचलली. “म्हणजे मी आजोबांना मोजून मोजून मीठच पाजलं. वरून डाळीत सोडा!”

“अनू...”

आतून हाक आली. हाक कसली, नुसता वारा होता. तिघं धावले. आजोबा पलंगाच्या काठाला धरून बसले होते. आडवं होऊ म्हणाले तर होता येईना. एक शब्द, मग मोठा श्वास, मग पुढचा शब्द. कपाळावर घाम साचलेला.

 अनूच पुढे झाली.

“करिष्मा, इथे रेंज कुठे येते?”

“मारुतीच्या पारावर! शाळेच्या मांगं!”

“ऋत्विकला घेऊन पळ! ऋत्विक, आधी आईला फोन, मग बाबांना. संघपाल, उशा आण, सगळ्या! आणि झाकण बसव, प्लग लाव. मशीन होतं तसं राहू दे. कुणी म्हणायला नको की पोरांनी मोडलं.”

ऋत्विक आणि करिष्मा वाऱ्यासारखे सुटले. अनूनं आजोबांच्या पाठीशी उशा रचल्या, खिडक्या सताड उघडल्या. पिंपळाची पानं बाहेर सळसळत होती, आणि आत आजोबांचा श्वास त्यांच्याहून जास्त सळसळत होता. ती त्यांचा हात धरून बसली. मिनिटं चिकट झाली, पुढे सरकेनात.

कापूस वेचायला गेलेल्या सत्यभामाबाई कुणीतरी निरोप दिल्यावर धावत आल्या. दारातच थबकल्या. आजोबांचे पाय पाहिले आणि पदर तोंडाशी धरला. 

अर्ध्या तासानं ऋत्विक धापा टाकत परतला. “आई म्हणाली, आडवं करू नका! पाणी बंद! बाबा निघालेत! शेगावच्या दवाखान्यात न्यायचं, आई थेट तिथेच येते. आणि अनू, पोटात काय काय गेलं ते नेमकं शोधून ठेव म्हणाली. डॉक्टर पहिलं तेच विचारतील!”

धुरळा उडवत बाबांची गाडी आली. मागोमाग एक लाल जीप. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, हातात स्वतःची पाण्याची बाटली धरलेले घरमालक कुलदीपराव उतरले. ऋत्विकनं फोनवर पाण्याचं सांगितल्यावर बाबांनी वाटेतूनच त्यांना फोन करून जाब विचारला होता.

बाबा आजोबांना पाहून पांढरेफटक पडले. “निघू आपण, लगेच!” ते म्हणाले.

“पाण्यात खोट आहे, बाबा!” अनू म्हणाली. “मशीन रिकामं आहे, डॉक्टरांना सांगावं लागेल...”

“रिकामं?” कुलदीपरावांनी तिला मध्येच तोडलं. ते सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. “भाऊ, या, पाहा. दिवा चालू, मोटार चालू. म्हातारपणी असं होतंच. काही लोणचंबिणचं खाल्लं असेल. आणि पाणी मोजून कोण देत होतं? हे लेकरू? मग चूक कोणाची ते तुम्हीच समजा. डॉक्टरांसमोर माझ्या घराचं नाव घेऊ नका, उद्या तुम्ही निघालात की दुसरी मंडळी येणार आहेत. लहान बाळ आहे त्यांच्याबरोबर.”

बाबांनी दिव्याकडे पाहिलं. मग अनूकडे. एकच क्षण त्यांच्या डोळ्यांत शंका हलली, आणि ती अनूला सुईसारखी टोचली. डोळे भरून आले. पण लहान बाळ! उद्या तेही हेच पाणी पिणार? मशीन उघडून दाखवायला वेळ नव्हता, आणि कुलदीपराव वाटेतून हलणार नव्हते.

तिनं डोळे पुसले आणि संघपालच्या कानात दोन शब्द सांगितले. संघपाल कुलदीपरावांच्या बगलेखालून आत शिरला. नळ सुटल्याचा आवाज झाला, पेला ठेवल्याचा आवाज झाला. ताटलीत पाण्याचा पेला घेऊन तो बाहेर आला. अनूनं ताटली पुढे केली.

“काका, उन्हातून आलात. आधी पाणी घ्या.”

“नको बेटा. आत्ताच प्यालो.”

“एकच घोट. तुमच्याच मशीनचं आहे.”

“अरे, मले तहान नाही म्हटलं ना!”

दारी आलेल्याला पाणी द्यायचं आणि त्यानं निदान ओठ तरी ओले करायचे, ही या भागातली रीत. सत्यभामाबाईंची मान वर झाली. बाबांचे डोळे बारीक झाले.

“घ्या ना, कुलदीपराव,” बाबा हळू म्हणाले. “इतकं नवीन मशीन आहे. माझे वडील अडीच दिवस हेच पाणी प्याले. तुम्हाला एक घोट जड झाला?”

कुलदीपरावांनी पेला उचलला.  पेला तसाच ताटलीत परत आला.

अनूनं तो उचलला आणि गटागटा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

“हे डोंगरातल्या विहिरीचं होतं, काका. करिष्माच्या कॅनमधलं, मागच्या दारानं आणलेलं. अगदी गोड! नळ आम्ही फक्त वाजवला. तुम्ही मशीनचं समजलात, म्हणून ओठाला लावलं नाहीत.”

 कुलदीपराव भिंतीला टेकले. सगळा तोरा उतरला होता. “चैत्रापासून बंद आहे ते,” ते पुटपुटले. “खारानं आतून जाम झालं, म्हणून आतलं सगळं काढून टाकलं. पुर्जा येईल, येईल म्हणत राहिलो...”

“आन् मले डोंगराचं पानी तुमच्या सैपाकाले लावू देल्लं नाही!” सत्यभामाबाईंचा आवाज फुटला. “पाहुन्याले कॅन दिसला तर फिल्टरचं विचारतीन म्हने! भाऊ, तुम्ही डाळीचं बोलले न, मंग मी सोडा टाकला. दोन टायमाले दोन-दोन चमचे. मले का मालूम, आबाले पथ्य हाये! माहं काम जाईन म्हनून मी बोललो नाही. माफ करा!”

“दोन वेळा, दोन-दोन चमचे,” अनूनं मनात गिरवलं.

बाबांनी आजोबांना लहान मुलासारखं उचललं. “कुलदीपराव, जीप पुढे काढा. हॉर्न देत वाट मोकळी करत चला. एवढं तरी करा!”

आणि कुलदीपरावांनी ते केलं. कापसाच्या गाड्या, शेळ्यांचे कळप, बाजाराची गर्दी, सगळ्यांतून लाल जीप हॉर्न वाजवत धावली आणि गाडी तिच्यामागे. मागच्या सीटवर अनू आजोबांना टेकवून बसली होती. प्रत्येक श्वास ती मोजत होती. पुढचा येईपर्यंत तिचा स्वतःचा अडकत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी खरंच पहिला प्रश्न तोच विचारला. अनूनं एका दमात सांगितलं, “अडीच दिवस बोअरचं खारं पाणी, दिवसाला एक लिटर. काल डाळीत खायचा सोडा, दोन वेळा, दोन-दोन चमचे, सगळ्यांच्या वरणात. सूज काल संध्याकाळी दिसली, आज गुडघ्यापर्यंत. दम दोन तासांपासून.”

डॉक्टरांचं पेन क्षणभर थांबलं. “शाब्बास! इतकं नेमकं मोठी माणसंसुद्धा सांगत नाहीत.” आणि ते आत धावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांचा श्वास संथ झाला. खळगा आता लगेच भरून येत होता. आईनं स्वतः अंगठा दाबून पाहिलं, एकदा नाही, चारदा. मग तिनं अनूला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

बाबा तिघांसमोर उभे राहिले. नेहमी ठाम असणारा त्यांचा आवाज अडखळत होता. “मी दिवा पाहत बसलो. पाणी तुम्ही पाहिलंत. अनू, त्या एका क्षणी मी तुझ्यावर... चुकलो मी, बाळा.”

“जाऊ द्या हो, बाबा,” अनू म्हणाली.

“संघपाल, तुझ्या वडिलांना मी स्वतः भेटून सांगणार, पोरगं तुमच्यापेक्षा पक्का कारागीर होणार!”

संघपाल कानापर्यंत लाल झाला. “त्यांनाच बोलवलंय कुलदीपकाकांनी. मशीन बसवायला. नवं मशीन चालू होईपर्यंत घर बंद. बाळाच्या मंडळींना त्यांनी स्वतः फोन करून नाही म्हटलं. आणि सत्यभामाकाकूंचं काम टिकलंय.”

“पण बेडकांना कोण सांगणार, की बुकिंग रद्द?” ऋत्विक म्हणाला आणि तिथल्या नर्सबाईसुद्धा हसल्या.

आजोबा मात्र हसले नाहीत. ते छताकडे पाहत होते.

“वंदना, शेषराव, जरा बसा,” ते म्हणाले. “या पोरीनं माह्या पायाची सूज पाहिली न रातभर एकटीनं मनात घेऊन झोपली. काऊन? मी म्हटलं, सांगू नको. मी तिले गप बसवलं. गप बसाची सवय मलेच हाये.”

“असू द्या, मामाजी. बोलू नका आता,” आई सासऱ्यांना म्हणाली.

“बोलू दे. मांगच्या महिन्यात मी एकटाच तपासाले गेल्तो न, तवा तिथल्या डॉक्टरनं सांगतलं, किडनीनं हात टेकले. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवा लागन. त्यानं कागद लिहून देल्ला. मी तो पिशवीत खाली दाबला न घरी येऊन म्हटलं, सारं बरं हाये.”

आईचा हात त्यांच्या नडगीवर होता तिथेच थिजला. बाबा स्टुलावर खाली बसले.

“काऊन नाही सांगितलं, आजोबा?” अनूनं विचारलं.

आजोबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.  मग त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

“मले भेव वाटते, पोरी.”